बहिष्कारावरची धूळ

पत्रकात माणूस मावत नाही. हे मी पत्रकांच्या विरोधात बोलत नाही. मी पत्रकांवरच वाढलो आहे. आमच्या घरी फळीवर अंथरायला जुनी पत्रकंच असत, आणि बाराखडी पुरी व्हायच्या आधी मी डाळ-तांदळाच्या डब्यांखालून डोकावणारं 'कामगार बंधूंनो' वाचायला शिकलो. पुढे मीच पत्रकं लिहू लागलो. त्यांत कामगार असतो, मालक असतो, अन्याय असतो, इशारा असतो. मारोतराव भोयर नसतात. त्यांचं नाव मात्र माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी असायचं, सरचिटणीस म्हणून. या सरचिटणिसाच्या पिशवीतून जाहीरनाम्याच्या आधी फडकी निघत, हे सांगायला तिथं जागा नव्हती. म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

आमचं ऑफिस लकडगंजात. कंपनी इमारती लाकडाचा ठोक व्यापार करणारी. मागच्या अंगाला सागाच्या ओंडक्यांचे ढीग आणि चहूबाजूंनी लाकूड कापणाऱ्या आरामशिनी. सकाळी आरे फिरायला लागले की हवेत लाकडाचं पीठ उडायचं, ते संध्याकाळपर्यंत. ते टेबलावर बसे, शाईत बसे, डब्यातल्या वांग्याच्या भाजीवर बसे. नवा माणूस पहिला आठवडा शिंकत काढी, मग त्याची आणि भुशाची समजूत होई. मारोतरावांची उभी नोकरी तिथं गेली, पण त्यांनी भुशाशी कधी तडजोड केली नाही. मालकाशी एकवेळ केली असेल.

ते हेडक्लार्क होते. उंच, किडकिडीत, खांद्याला खादीची पिशवी. पिशवीत तीन फडकी. एक जुन्या धोतराचं, कोरड्या पुसण्यासाठी. एक त्यांच्या बायकोच्या, कमलावहिनींच्या, जुन्या लुगड्याचं, ओल्यासाठी. आणि एक बनियनचं, ते फक्त काचेसाठी. शिवाय दाढीचा एक ब्रश, केस झिजल्यामुळे गालावरून निवृत्त झालेला आणि टाइपरायटरच्या सांदीकोपऱ्यांत पुन्हा नोकरीला लागलेला. सकाळी आले की आधी खुर्ची, मग टेबल, मग टेलिफोन, आणि टेलिफोनचा तोंडाजवळचा भाग तर असा पुसत की आदल्या दिवशीचं बोलणंसुद्धा निघून जावं. हे सगळं झाल्यावर मगच ते माझ्याकडे बघत आणि म्हणत, "हं, बोला पत्रकवाले. काय जळून राह्यलं आज?"

मी भडकू आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

पुसण्याचं त्यांचं शास्त्र होतं आणि ते कुणालाही, न विचारता, ऐकवत. "पह्यले कोरडं, मंग वल्लं. पह्यलेच वल्लं लावलं का धुळीचा चिखल होते, अन् चिखल पुसाले मंग जलम जाते." किंवा, "फडकं मऊ पाह्यजे. रुमालाले काठ असते गा, काठानं काचेवर रेघ पडते." त्यांचं आवडतं वाक्य मात्र राजकीय होतं. धूळ कोन्या पक्षाची नसते, असं ते म्हणत. मला ते पटत नसे. लकडगंजातली धूळ मालकाच्या आऱ्यातून निघते आणि कारकुनाच्या छातीत जाते, तेव्हा ती सरळसरळ मालकपक्षाची आहे, असं माझं म्हणणं होतं. ते ऐकून घेत आणि माझं टेबल पुसत.

या सवयीमुळे युनियनची कामं रखडत, हे मी लपवणार नाही. एकदा मोर्चासाठी पत्रकं काढायची होती. सायक्लोस्टाइल मशीन आमच्याच खोलीत. मजकूर मी लिहिला होता, चांगला तिखट. मारोतरावांनी पहिली प्रत हातात घेतली, कोपऱ्यात शाईचा डाग दिसला, आणि ते थबकले. एवढी धुरकट मागणी कोण मान्य करीन, म्हणाले. मग त्यांनी मशीनचा ड्रम पुसायला घेतला. मोर्चा गांधीबागेपर्यंत पोचला तेव्हा आमचे सरचिटणीस रोलरच्या कडा साफ करत होते. मोर्चा परतीच्या वाटेवर असताना आम्ही पत्रकं वाटली. ती इतकी स्वच्छ होती की बंदोबस्ताच्या शिपायानं एक मागून घेतलं आणि घडी न घालता वहीत ठेवलं.

पण तीच सवय कधी हत्यारासारखी चाले. टायपिंगच्या खोलीत भुसा बाहेर फेकणारा पंखा हवा, ही आमची जुनी मागणी. मॅनेजर दाणी साहेब पुण्याहून आलेले, सभ्य, गोड बोलून नकार देणारे. बोलणी सुरू झाली. साहेबांनी आमचा अर्ज हातात घेतला आणि चष्म्यातून बघितलं न बघितलं तोच मारोतराव म्हणाले, साहेब, जरा चष्मा द्या. साहेबांनी गोंधळून दिला. मारोतरावांनी बनियनचं फडकं काढलं आणि चष्मा पुसता पुसता टायपिंगच्या खोलीचं वर्णन सुरू केलं. एक काच झाली, दुसरी झाली, मग दांड्या, मग नाकावरच्या त्या चिमुकल्या गाद्या. साहेबांना समोरचा अर्ज दिसेना, मारोतरावही दिसेनात, नुसता आवाज ऐकू येई. बिनचष्म्याचा माणूस जरा मऊ होतो. शेवटी साहेब म्हणाले, बरं, बसवून टाकू पंखा. त्याबरोबर चष्मा त्यांच्या नाकावर परत आला आणि पेन हातात. मी हे पत्रकात 'प्रदीर्घ आणि चिकाटीच्या वाटाघाटींनंतर' असं लिहिलं.

घरी हा माणूस कसा असेल याची मला उत्सुकता होती. सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो तेव्हा खिडकीच्या गजांवर बोटभर धूळ. मी बघतोय हे कमलावहिनींच्या लक्षात आलं. चहाचा कप देता देता त्या म्हणाल्या, "हापिसात समदं पुसत राह्यते, अन् घरी आले का हात दुखते यायचे." मारोतराव पेपरमागून म्हणाले की घर तुझ्या ताब्यात आहे, दुसऱ्याच्या अधिकारात मी ढवळाढवळ करत नाही. वहिनी म्हणाल्या, मग पिशवीत माझं लुगडं काहून नेलं जी, ते कोणाच्या अधिकारात होतं? या मुद्द्यावर सरचिटणिसांनी पेपर आणखी वर धरला.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास कंपनीनं कॉम्प्युटर आणला.

आता कुणाला गंमत वाटेल, पण त्या दिवशी आम्हाला ते संकटच वाटलं होतं. एक डब्बा, टीव्हीसारखा, काचेच्या तोंडाचा. खाली दुसरा डब्बा, आणि पुढे टाइपरायटरसारखी बटणांची पाटी. त्याच्यासाठी ऑफिसच्या मधोमध काचेची खोली बांधली, थंड हवेचं यंत्र लावलं, दाराशी चपला काढायची सूचना. टायपिंगच्या खोलीला जो पंखा चष्मा काढून घेतल्यावर मिळाला, त्याच्या कितीतरी पट थंडावा या डब्ब्याला न मागता. कंपनीचं म्हणणं होतं, आता बिलं आणि पत्रं यावरच निघतील. मग टायपिस्ट कशाला? टायपिस्टांमध्ये शकुंतला मेश्राम सगळ्यांत धोक्यात. कित्येक वर्षं काम करूनही ती तात्पुरतीच होती, आणि तिच्या घरची चूल तिच्याच पगारावर पेटायची. तिच्या नेमणुकीची मुदत दिवाळीला संपत होती. दर वेळी वाढवून मिळायची. या वेळी मिळणार नाही, असं दाणी साहेब तिला गोड शब्दांत म्हणाले होते.

यंत्र बसवायला मुंबईहून एक इंजिनियर आला. कोवळा मुलगा, गळ्यात टाय. त्यानं सगळ्यांना बोलावून माहिती दिली आणि काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाला. आमचे खजिनदार केळापुरे तयारच होते. जाडजूड, घामेजलेले, प्रत्येक वाक्य सभेत बोलल्यासारखं बोलणारे. यानं किती माणसं घरी बसतील, असं त्यांनी विचारलं. इंजिनियर म्हणाला, ते माझं खातं नाही. मी विचारलं, मग तुमचं खातं नेमकं कोणाच्या बाजूचं आहे? तो घाम पुसू लागला. तेवढ्यात मागून मारोतरावांचा हात वर आला. सगळे मागे वळले. सरचिटणीस बोलणार.

"हे पुसाचं कसं?" मारोतरावांनी विचारलं.

केळापुऱ्यांनी कपाळाला हात लावला. इंजिनियरचा चेहरा मात्र उजळला. इतक्या वेळात त्याला उत्तर येणारा हा पहिला प्रश्न होता. त्यानं मन लावून सांगितलं. आधी बटण बंद करायचं, मग प्लगही काढायचा, आणि थोडा वेळ थांबायचं, कारण काचेवर वीज रेंगाळते आणि धूळ ओढते. मग मऊ, कोरडं कापड, हलक्या हातानं. डाग असेल तर कापड ओलसर करून घट्ट पिळायचं. पाणी काचेवर कधीच टाकायचं नाही, ते ओघळून खालच्या फटीतून आत जातं. स्पिरिट, रॉकेल, सोडा, काही नाही. बाजूच्या फटींना मऊ ब्रश. आणि डब्बा उघडायचा तर नाहीच; बंद केलेल्या यंत्रातसुद्धा माणूस फेकला जाईल एवढी वीज उरते. मारोतराव माना डोलावत होते. त्यांच्या शास्त्राला मुंबईहून दुजोरा आला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनीच ठराव मांडला. शकुंतलेला आणि टायपिंग खात्याला लेखी हमी मिळेपर्यंत युनियनचा कोणताही सभासद त्या यंत्राला हात लावणार नाही. ठराव एकमतानं पास झाला. पत्रक मी लिहिलं. त्यात यंत्राला 'शोषणाचा काचेचा डोळा' म्हटलं होतं. मारोतरावांनी वाचलं आणि म्हणाले, "डोळा म्हटलं तं तो पुसावा लागते गा." मी ते हसण्यावारी नेलं.

बहिष्कार कडकडीत पाळला गेला. दाणी साहेब सुरुवातीला स्वतः एका बोटानं पाटी बडवायचे, मग त्यांनाही कंटाळा आला. यंत्र काचेच्या खोलीत एकटं पडलं. पण थंड हवेचं यंत्र खिडकीत बसवताना जी फट राहिली होती, ती कुणीतरी पुठ्ठ्यानं बुजवली होती, आणि लकडगंजच्या भुशाला पुठ्ठा म्हणजे काय. आठ-पंधरा दिवसांत त्या काळ्या काचेवर पिवळसर साय धरली.

त्या सायीनं मारोतरावांना छळायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत ते काचेच्या खोलीबाहेर उभे राहू लागले. शेजाऱ्याच्या शेंबड्या पोराकडे एखादी बाई जशी बघते, की पोर आपलं नाही पण नाक तर वाहतंय, तसे ते बघत. एक दिवस त्यांनी खोलीची काच बाहेरून पुसायला घेतली. केळापुरे धावत आले. मारोतराव म्हणाले, ही भिंत आहे, भिंतीवर बहिष्कार नाही. मग रोज ती काच बाहेरून लख्ख होऊ लागली, आणि त्यामुळे आतली घाण आणखीच स्वच्छ दिसू लागली. हा त्यांनी स्वतःचा केलेला छळ होता.

असं चाललं असताना खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि ऑफिसात हत्यार म्हणजे काय, तर टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, वजनकाटा, कागदाला टाचण्या मारायचं ते चिमट्यासारखं, सगळं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मी या प्रकाराच्या विरोधात आहे आणि दरवर्षी तसं बोलतो. दरवर्षी मला प्रसाद जास्त मिळतो, बोलणं थांबावं म्हणून. त्या वर्षी प्रश्न होता कॉम्प्युटरचा. एकही माणूस त्याला कुंकू लावायला तयार नव्हता, कारण कुंकू लावलं म्हणजे बोट लागलं. दाणी साहेबांनी तो अपमान मानला. त्यांनी स्वतः पूजा केली, आणि राग काढावा तशी भरघोस केली. काचेच्या मधोमध ओल्या कुंकवाचं वीतभर स्वस्तिक. भोवती हळदीची बोटं. झेंडूचा जाड हार नेमका हवेच्या फटींवर. मूठभर अक्षता, त्या फटींतून किणकिणत आत गेल्या. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी चारी दिशांना शिंपडलं, त्यांतली एक दिशा डब्ब्याची होती. डब्ब्याच्या डोक्यावर पेढा. यंत्र चालूच ठेवलं होतं, देव जागा असावा म्हणून.

मारोतराव बाहेरून बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं नमस्कार करतायत.

दसऱ्याची सुट्टी मधे गेली. परत आलो तर काचेच्या खोलीत मुंग्या. लाल मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग दारातून टेबलावर, टेबलावरून डब्ब्यावर, पेढ्याला वळसा घालून फटीतून आत. आमच्यापेक्षा चांगला मोर्चा होता तो, मधे एकही माणूस फुटलेला नाही. स्वस्तिकाचा वाळून पापुद्रा झालेला. दाणी साहेबांची धावपळ उडाली, कारण कंपनीचे सेठजी दिवाळीच्या आधी यंत्र बघायला येणार होते. त्यांनी शिपायाला हाक मारली; शिपाई युनियनचा, तो दारातच थांबला. मग साहेबांनी एका हातात पाण्याचा तांब्या घेतला कुंकवासाठी, दुसऱ्या हातात घासलेटची बाटली मुंग्यांसाठी, आणि चपला काढून आत शिरले. यंत्राचा दिवा पेटलेला. प्लग भिंतीत.

आम्ही सगळे बाहेर, त्या लख्ख काचेपाशी. कुणीतरी हळूच म्हणालं, टाकू द्या. माझ्याही मनात तेच होतं. जुलमाचं यंत्र जुलमाच्याच हातानं जळतंय, यापेक्षा चांगलं पत्रक कुठलं?

साहेबांनी तांब्या तिरपा केला आणि मारोतराव आत होते. कधी गेले कळलं नाही. वहाणा मात्र दाराशी नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या. त्यांनी साहेबांच्या हातातला तांब्या धरला, सांडू न देता खाली ठेवला, घासलेट खोलीबाहेर दिलं, बटण बंद केलं आणि प्लग ओढून काढला. मग स्टूल घेऊन बसले. साहेब काही बोलायला लागले, तर हातानंच त्यांना गप्प राहायला सांगितलं. काचेवरची वीज जाऊ देत होते.

पुढचं सगळं मी काचेतून बघितलं, आणि आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली पण एवढ्या शांततेत जमाव उभा राहिलेला बघितला नाही. त्यांनी हार उचलला, पेढा उचलून दारापाशी कागदावर ठेवला, म्हणजे मुंग्यांना बाहेर जायला कारण मिळालं. ब्रशनं फटींवरच्या अक्षता एकेक करून बाहेर ओढल्या. आत गेलेल्यांच्या वाटेला गेले नाहीत. धोतराच्या फडक्यानं वरची साय काढली. लुगड्याचं फडकं ओलं करून असं पिळलं की त्यातून थेंब काय, वाफही निघू नये, आणि स्वस्तिकाच्या एका टोकापासून, न घासता, नुसतं टेकवत टेकवत कुंकू उचललं. मग बनियन. डब्ब्याच्या पांढऱ्या अंगावर हळदीचा एक डाग मात्र हलेना. त्यांनी तो दोनदा बघितला, तिसऱ्यांदा फडकं लावलं नाही. काच अशी काळीभोर झाली की तीत आम्ही सगळे उभे दिसलो, तोंड उघडं टाकलेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की माणूस गुन्हा करून आलाय असं वाटूच नये. मग त्यांना केळापुरे दिसले.

संध्याकाळच्या आत दाणी साहेबांनी फळ्यावर नोटीस लावली. युनियनच्या सरचिटणिसांनी आपण होऊन यंत्रावर काम केलेलं असल्यामुळे बहिष्कार संपलेला आहे, असं त्यात होतं. आणि तात्पुरत्या टायपिस्टांच्या मुदतवाढीचा विचार कंपनी करणार नाही, असंही. ज्याच्या हातून यंत्र वाचलं, त्याच्याच नावाचा असा उपयोग. मालकशाहीचे आभार मानायचे प्रसंग माझ्यावर फारसे येत नाहीत, ते अशा नोटिशींमुळेच.

ऑफिस सुटल्यावर मागच्या आवारात, सागाच्या ओंडक्यांवर बसून सभा झाली. केळापुऱ्यांनी सरळ राजीनामा मागितला. ते म्हणाले की ज्यानं ठराव मांडला त्यानंच तो मोडला, आणि फडक्यानं मोडला काय अन् हातोड्यानं मोडला काय, मोडला तो मोडलाच. मला राग आला होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं. तेव्हा शकुंतला उठली. ती सभेत कधी बोलत नसे.

"म्या एकच इचारते," ती म्हणाली. "पूजा साहेबानं केली, पुसलं यायनं, अन् जाऊ मी? हा कोनता न्याय?"

मग ती म्हणाली की तो डब्बा जळला असता तर साहेबांनी सेठला काय सांगितलं असतं, की मी नारळ फोडला म्हणून जळला? नाही. युनियननं जाळला म्हणून सांगितलं असतं, पोलीस आणले असते, आणि एकटी शकुंतला नाही, आपण सगळेच घरी बसलो असतो. मारोतरावांनी यंत्र नाही, युनियन वाचवली.

ओंडक्यांवर एकदम हालचाल झाली. बरोबर, बरोबर, असे आवाज आले. केळापुऱ्यांनीसुद्धा मान हलवली. माझ्या डोक्यात तर पत्रकाचा मथळा तयार झाला: 'कंपनीचं कारस्थान सरचिटणिसांनी उधळलं.' सगळं सुटत आलं होतं. तेवढ्यात मारोतराव उभे राहिले.

"बाई माझ्याकून बोलली, तिचे उपकार आहे," ते म्हणाले. "पन हे खरं नाई. पोलीस, सेठ, युनियन, यातलं काईच माझ्या डोक्यात नवतं. मले ते घाण पाहवली नाई. बस. ठराव म्या मोडला, अन् कारन काईच नवतं. आता मले सोडलं तं उद्या ज्याले जे पाहवत नाई ते तो करीन. मले शिक्षा द्या."

मी त्यांच्या धोतराचा सोगा ओढून खाली बसा म्हणत होतो. बसले नाहीत. कुणी शिक्षेचा प्रस्ताव मांडेना, तर तो त्यांनी स्वतःच मांडला: दिवाळी होईपर्यंत सरचिटणीसपदावरून दूर, आणि तोवर सभेत बोलायचं नाही, व्यासपीठावर बसायचं नाही. अनुमोदन कोण देणार? त्यांनी केळापुऱ्यांकडे बघितलं. केळापुऱ्यांनी तासाभरापूर्वी राजीनामा मागितला होता. आता अनुमोदनाला त्यांनी हात वर केला, तोही अर्धाच. शकुंतला तोंड फिरवून बसली. ती चिडली होती, आणि मला वाटतं तिचं चिडणं बरोबर होतं. तिनं स्वतःची नोकरी विसरून त्यांची बाजू मांडली आणि त्यांनी ती सगळ्यांदेखत पाडली. तत्त्वनिष्ठ माणसाच्या आसपास राहणं सोपं नसतं. मी स्वतः तत्त्वनिष्ठ असून सांगतो.

त्या रागातच मी पत्रक लिहिलं. एकही विशेषण न घालता लिहिलेलं माझं ते पहिलं पत्रक. यंत्राची पूजा मॅनेजरनी केली. यंत्र त्यामुळे बिघडण्याच्या बेतात आलं. आमच्या सरचिटणिसांनी ते पुसलं. पुसल्याबद्दल युनियननं त्यांना शिक्षा केली आहे. बहिष्कार चालू आहे. खाली सही केळापुऱ्यांची.

पत्रक फाटकावर वाटलं आणि त्याचं जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. दाणी साहेबांची नोटीस एका दिवसात हास्यास्पद झाली. जो बहिष्कार मोडून संपला म्हणता, तो मोडणाऱ्याला त्याचीच माणसं शिक्षा करतायत, तर मग संपलं काय? शिवाय यंत्र पुन्हा सुरू करायची साहेबांना छाती होईना; आत अक्षता होत्या, मुंग्या होत्या, आणि इंजिनियर मुंबईत. सेठजी आले, फाटकातच त्यांच्या हातात पत्रक पडलं. सेठ जुना व्यापारी, मराठी सावकाश वाचणारा. वाचून झाल्यावर त्यानं साहेबांना सगळ्यांसमोर फक्त एवढंच विचारलं, "मशीन पे नारियल किसने फोड़ा?"

साहेबांचा चष्मा त्या दिवशी स्वच्छ होता, पण त्यांना काही दिसत नव्हतं.

सेठचं मन वगैरे पालटलं, असं कृपा करून समजू नका. त्याला यंत्र चालायला हवं होतं, आणि यंत्राला हात लावणारी माणसं फक्त आमच्याकडे होती. दोन दिवसांत लेखी हमी मिळाली. टायपिंग खात्यातलं कुणी जाणार नाही, शकुंतला कायम होईल, आणि त्या यंत्राचं शिक्षण कंपनी आधी तिलाच देईल. इंजिनियरनं येऊन डब्बा उघडला, आतून चमचाभर अक्षता काढल्या, आणि पुसणारा कोण म्हणून विचारलं. दाणी साहेबांनी विषय बदलला.

दिवाळीनंतर मारोतरावांना पद परत मिळायचं होतं. ते मिळायच्या आधी त्यांच्या हाती बल्लारशाच्या डेपोवर बदलीचा हुकूम पडला. कंपन्या फडक्याचे उपकार असेच फेडतात. मी दिवाळीला गावी गेलो होतो; परत आलो तर त्यांचं टेबल दुसऱ्याला दिलेलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते हमी मिळाल्याच्या दिवशी, फाटकावरच्या विजयसभेत.

दोन टेबलं जोडून व्यासपीठ केलं होतं. केळापुरे बोलले, मी बोललो, मग लोकांनी शकुंतलेला वर चढवलं. ती माईकसमोर उभी राहिली आणि गर्दीत शोधू लागली. मारोतराव अगदी मागे, रस्त्याच्या कडेला, हमालांच्या घोळक्यात उभे होते. तिनं माईकवरूनच म्हटलं, "इकडे या ना भाऊ, वरती या."

सगळ्या माना मागे वळल्या. लोकांनी वाट करून दिली. मारोतरावांनी जागचं न हलता हात वर करून नकाराचा हलवला, आणि मग बोटानं दूरवर कुठंतरी दाखवलं, म्हणजे दिवाळी अजून व्हायची आहे. तिला कळलं. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण हसू आलं, आणि भाषण जमेना म्हणून तिनं सरळ घोषणाच दिली. आवाज बारीक, पण खणखणीत. "कामगार एकजुटीचा..."

इतकी वर्षं ही घोषणा मारोतरावांनी द्यायची आणि आम्ही उत्तर द्यायचं. त्या दिवशी ते उत्तर देणाऱ्यांत होते, आणि त्यांना ते साधत नव्हतं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मागून त्यांचा एकट्याचा "विजय असो" यायचा, मग ते ओशाळून इकडे तिकडे बघायचे, आणि मग आमच्या सगळ्यांचा. पुढच्या घोषणेला पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळेला शकुंतला वाक्याच्या मधेच थांबली, त्यांच्याकडे बघत, त्यांचं होऊ दे म्हणून.